चौदा लाल तारे

"तुला हसता येतं का रे?"

खरं तर हा प्रश्न आम्रपालीचा नव्हताच. प्रश्न उम्मेहानीच्या डोक्यातून निघाला होता आणि पैज रतननं लावली होती. जाऊन विचारलंस, तर आठवडाभर तुझ्या डब्यातली कारल्याची भाजी मी खाणार! कारली टळणार असतील, तर आम्रपालीनं हाच प्रश्न पोलीस कमिशनरांनाही विचारला असता.

संगणकासमोर बसलेल्या त्या मुलानं मान वर केली नाही. की-बोर्डवरची बोटंही थांबवली नाहीत.

"कारण मिळालं तर येतं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पैज कितीची आहे?"

मागच्या बाकावर दोघींनी ओढणीत तोंडं खुपसली. आम्रपालीचे कान असे तापले, की त्यांवर पापड भाजावेत.

"रुपयांची नाही," ती कशीबशी म्हणाली. "कारल्यांची."

"मग हरलीस तरी चालेल. कारली चांगली असतात."

हे सगळं घडलं पुण्याजवळच्या मांजरी गावाच्या पलीकडे, उसाच्या शेतांच्या मधोमध, एका साखर कंपनीनं काढलेल्या छोट्याशा प्रयोगशाळेत. त्या वर्षी पुण्यात ज्याच्या त्याच्या दादाला हिंजवडीत नोकरी लागत होती, आणि ज्यांचे दादा नव्हते ते स्वतःच ऑर्कुटवर होते. प्रयोगशाळेनं दिवाळीच्या सुट्टीत अकरावी-बारावीच्या मुलांसाठी दोन आठवड्यांचं शिबिर ठेवलं होतं. बिबवेवाडीहून दोन बस बदलून या तिघी तिथं यायच्या.

आम्रपाली आताच कुठे बोलायला लागली होती. दहावीपर्यंत वर्गात तिचा आवाज फक्त हजेरीला ऐकू यायचा. दहावीला ब्याण्णव टक्के पडले, चष्मा जाऊन लेन्स आल्या, केस खांद्यापर्यंत कापले, आणि एका उन्हाळ्यात ही मुलगी अशी काही फुलून आली, की तिच्या आईनं शेजारच्या मालनबाईंना विचारलं, "हिला गप्प बसवायचं औषध मिळतं का हो कुठे?"

दुसऱ्या दिवशी वैजनाथ सरांनी जोड्या लावल्या. सर प्रयोगशाळेचे प्रमुख. आवाज खालचा, भुवया मात्र भारी जाड. "आम्रपाली, तू शाहिदबरोबर."

शाहिद म्हणजे तोच. बारावीतला, लोणी काळभोरचा. उम्मेहानीनं रतनला असा चिमटा काढला, की रतन ओरडली.

* * *

काम सोपं होतं, असं सर म्हणाले. त्यांनी उसाच्या काही रोपांचं पाणी तोडलं होतं. पाणी तोडल्यावर उसाच्या कांडीतली दोनशे बारा जनुकं एकदम जोरात कामाला लागली होती. त्या दोनशे बारांची यादी संगणकात तयार होती. प्रत्येक जनुकाच्या नावापुढे ते काय काम करतं त्याची चिठ्ठी लावलेली. कुणी साखर साठवतं, कुणी पाणी आतबाहेर सोडतं, कुणी पेशींच्या भिंती बांधतं. कुठल्या कामाच्या चिठ्ठ्या या यादीत नेहमीपेक्षा जास्त सापडतात, ते शोधायचं. तसं काम सापडलं, की संगणक त्याच्यापुढे एक लाल तारा काढायचा. शेवटच्या दिवशी प्रत्येक जोडीनं आपलं काम पोस्टरवर मांडायचं, आणि पहिल्या नंबराला बक्षीस.

"नेहमीपेक्षा म्हणजे कशापेक्षा?" आम्रपालीनं विचारलं.

शाहिदनं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. त्याचे डोळे तपकिरी होते… काकवीसारखे. (ही उपमा तिला तिथंच सुचली आणि तिथंच तिची तिला लाज वाटली.)

"बरोबर प्रश्न आहे," तो म्हणाला. "समज, मांजरीहून सुटलेली बस आहे. आत पन्नास माणसं, आणि तीस जणांच्या हातात ऊस. विशेष वाटेल?"

"वाटेलच की! अख्ख्या पुण्यात एवढे लोक ऊस घेऊन कुठे फिरतात?"

"पण बस पुण्यात भरलीच नाही. ती मांजरीच्या स्टॉपवर भरली. तुलना त्या स्टॉपवर उभ्या असलेल्या लोकांशी करायची. तिथंच निम्म्याहून जास्त लोक ऊस घेऊन उभे असतील, तर बसमध्ये ऊस दिसला यात विशेष काय?"

आम्रपालीनं क्षणभर विचार केला. "आणि त्याच बसमध्ये दहा जणांच्या हातात सतार असेल तर?"

आणि तो हसला. चांगला खळखळून, मान मागे टाकून. डाव्या गालाला खळी.

"तर ते विशेष," तो म्हणाला. "तर तारा!"

पलीकडच्या टेबलावरून उम्मेहानीनं हळूच दोन बोटं नाचवून कारल्याची खूण केली.

पुढचे आठ दिवस कसे गेले, कुणी विचारू नये. सकाळी शेतावर धुकं असायचं आणि बाजूच्या गुऱ्हाळातून गुळाचा कोमट वास यायचा. एका माउसवर दोन हात जायचे आणि दोन्ही एकदम मागे यायचे. "तू घे." "नाही, तू घे." मग बराच वेळ तो माउस कुणीच घ्यायचं नाही. घरीदारी सगळे तिला आम्रू म्हणायचे. शाहिद मात्र पूर्ण नाव घ्यायचा… आम्रपाली, चारही अक्षरं, कुठलंच न गाळता. आपलं नाव एवढं लांब आहे आणि एवढं चांगलंही आहे, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

"उन्हाळ्यात सर मला दोन महिने इथं घेणार आहेत," एकदा डबा खाताना तो म्हणाला. "काम शिकायला. पुढं बीएस्सीसाठी पत्रही देणार. अब्बांना सांगितलं तर ते म्हणाले, मशीनवरच काम आहे ना, मग चांगलं आहे."

"तुझे अब्बा काय करतात?"

"सोलापूर रोडला आमची रसवंती आहे. तेही उसावरच संशोधन करतात. फक्त जरा जोरात."

ती इतकी हसली, की तिला ठसका लागला.

* * *

शिबिर संपायला तीन दिवस राहिले आणि रसवंतीचं मशीन बिघडलं. गिऱ्हाइकीचे दिवस. शाहिदला घरी जावं लागलं. जाताना त्यानं वहीचा कागद फाडून तिच्यासाठी लिहून ठेवलं:

*संगणकात आत्ता तुलनेला सगळ्या उसाची यादी लावलेली आहे. मूळ, पान, कांडी, सगळं. ती काढून फक्त कांडीतली लाव. मग तारे मोज. तू करशील, मला माहीत आहे.*

आम्रपालीनं आधी तारे मोजले. आहे त्याच यादीवर. चौदा! चौदा लाल तारे! साखर बनवणं, साखर साठवणं, साखर वाहून नेणं… पडदा नुसता लालेलाल झाला. पाणी तोडलं की ऊस साखरेच्या कामाला जुंपतो! केवढा शोध! रतन येऊन बघून गेली, शेजारची सगळी टेबलं येऊन बघून गेली.

मग तिनं यादी बदलली. फक्त कांडीतली.

तारे गेले. एकदम. दिवाळीच्या माळेचं बटण बंद केल्यासारखे. उरला एक, खाली कोपऱ्यात. *पेशींच्या भिंती जाड करणे.*

भिंती! भिंतींना कोण बक्षीस देतं?

मागं कुणीतरी म्हणत होतं, "यार, आम्रपालीचे चौदा आलेत." आणि तिनं — कुणीही तिला सांगितलं नव्हतं, भरीला घातलं नव्हतं — यादी पुन्हा पहिल्यासारखी केली आणि चौदा ताऱ्यांचा कागद छापला. एका ताऱ्याचाही छापला होता. तो घडी घालून दप्तराच्या तळाशी गेला.

शेवटच्या दिवशी ती बोलली, आणि काय बोलली! हातवारे काय, विनोद काय. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी एकच प्रश्न विचारला. "तुलनेला कुठली यादी घेतलीत?"

"कांडीतली, मॅडम," आम्रपाली म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. गप्प मुलगी बोलायला लागली ती याच्यासाठी का, असं तिला त्या क्षणी वाटलं असतं तर फार बरं झालं असतं. पण तेव्हा टाळ्या वाजत होत्या.

पहिलं बक्षीस. फेब्रुवारीत बंगळूरला देशभरातल्या मुलांसमोर पुन्हा मांडायचं. शाहिद अगदी शेवटी पोचला होता. दारात उभा, बाहीला वंगणाचा डाग. त्यानं तिचं पोस्टर बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"छान बोललीस, आम्रपाली," एवढंच म्हणाला.

* * *

आम्रपालीचे पप्पा, दिगंबर, पोस्टात होते. बक्षिसाचा पेपरात आलेला फोटो त्यांनी लॅमिनेट करून आणला. मोठा एक भिंतीसाठी, छोटा एक पाकिटासाठी. येणाऱ्या-जाणाऱ्याला जयभीम घालून झाला, की पाकीट बाहेर. "आमच्या आजोबांना शाळेत आत बसू देत नव्हते. आणि ही आता बंगळूरला निघाली. कुणाची ओळख नाही, वशिला नाही. स्वतःच्या खऱ्या अभ्यासावर!"

*खऱ्या* म्हणताना ते जरा थांबायचे. प्रत्येक वेळी. आम्रपाली तेवढ्यात पाणी प्यायला आत जायची. त्या महिन्यात ती फार पाणी प्यायली.

मग वैजनाथ सरांचा फोन आला.

"आम्रपाली, मी बंगळूरसाठी तुमचं काम पुन्हा चालवून बघितलं. तुलनेची यादी चुकलीय. शाहिदला बोलावून विचारलं. तो म्हणाला, यादी बदलायची त्याच्याकडून राहिली, आणि बदलली असं त्यानं तुला सांगितलं होतं. तेव्हा तुझी काही चूक नाही, बाळ. पोस्टर सुधारू, बंगळूरला तूच जा. त्याला मात्र उन्हाळ्यात मी घेऊ शकत नाही. यंत्रावर असा हलगर्जीपणा चालत नाही."

आता बोलायचं होतं. एवढी बोलणारी मुलगी! तोंड उघडलंही तिनं.

"बरं, सर," ती म्हणाली.

फोन ठेवला आणि ती मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली. तोंड धुतलं. आरशात बघवेना, म्हणून पुन्हा धुतलं. चूक झाली असती तर एक वेळ रडता आलं असतं. पण ही चूक नव्हती. हे तिनं निवडलं होतं. आणि आत्ता, दोन शब्दांत, पुन्हा निवडलं होतं.

दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी, "उम्मेहानीकडे अभ्यासाला जाते" असं सांगून ती निघाली. (ही आणखी एक थाप. पण निदान शेवटची, असं तिनं स्वतःला बजावलं.) स्वारगेट, हडपसर, लोणी. दप्तरात दोन कागद.

* * *

रसवंती लांबूनच ऐकू आली. चाकाला बांधलेले घुंगरू छुमछुम वाजत होते. हिरवं कापड, लाकडी बाकं, उसाच्या चिपाडांचा ओला वास. गल्ल्यावर शाहिदचे अब्बा, हुसेनभाई. पांढरी दाढी, खांद्याला पंचा.

"या बेटी, बसा. आलं-लिंबू घालू? बर्फ?"

शाहिद मशीनवर होता. तिला बघून त्याच्या हातातला ऊस अर्ध्यातच थांबला.

"आम्रपाली?" चारही अक्षरं. तिला रडूच आलं एकदम, पण ती ठरवून आली होती की रडायचं नाही. रडलं की समोरच्याला आपलीच समजूत काढावी लागते.

ती बाकावर टेकली. तो हात पुसत समोर येऊन उभा राहिला.

"सरांना का सांगितलंस तू तसं?"

"तू विसरली असशील," तो हळूच म्हणाला. "पोस्टर बघितल्याबरोबर कळलं मला. तुझ्या एकटीवर सगळं टाकून गेलो होतो मी. विसरणं काय, कुणाचंही होतं. आणि तू एवढी खूश होतीस…" त्यानं खांदे उडवले. "तुझे पप्पा सगळ्यांना पोस्टर दाखवत होते तिथं."

किती सोपं होतं! नुसतं *हो* म्हणायचं होतं. तो तर दार उघडून उभाच होता.

"मी विसरले नव्हते," आम्रपाली म्हणाली.

घुंगरू थांबले होते. मशीनवर आता कुणीच नव्हतं.

"यादी बदलली होती मी. तारे गेले. एकच राहिला. मी बघितलं… आणि मग पुन्हा पहिलीच लावली. मुद्दाम. बाईंनी विचारलं तेव्हा कांडीतली म्हणून सांगितलं. सरांचा फोन आला तेव्हा… तेव्हाही गप्प बसले. हे बघ." तिनं दोन्ही कागद त्याच्यापुढे धरले. मग तिनं ते बाकावर ठेवले.

शाहिदनं कागद बघितले. एकदा तो, एकदा हा. त्याचा चेहरा असा मिटत गेला, की तिला वाटलं, ओरडला तर बरं. थोबाडीत मारली तरी चालेल.

"म्हणजे," तो म्हणाला, "उसाच्या कांडीत साखर असते, हे तू सिद्ध केलंस. ऊस गोड असतो! अन् त्याला पहिलं बक्षीस."

हे इतकं खरं होतं, की तिला हसू फुटलं, आणि हसता हसता जे येऊ द्यायचं नव्हतं तेही आलंच. ओढणी सापडेना. त्यानं खिशातला रुमाल पुढे केला. मग रुमालाकडे बघून म्हणाला, "वंगण आहे त्याला," आणि तरीही दिला.

"विसरणं मी माझ्यावर घेऊ शकलो," तो म्हणाला. "हे कसं घेऊ?"

"घेऊ नकोसच. ते सांगायला नाही आले मी. उद्या सरांकडे जाणार आहे."

"बंगळूर जाईल."

"जाऊ दे."

"पप्पा?"

ती रुमालाच्या कडेचा धागा ओढत बसली.

हुसेनभाई दोन पेले घेऊन आले. कागदांवर नजर टाकून म्हणाले, "कसला अभ्यास, बेटा?"

"पाणी तोडल्यावर ऊस काय करतो त्याचा, अब्बा. हिच्या यादीत एकच काम सापडलंय. भिंती जाड होतात."

"मग? हे काय शोधायचं? दुष्काळी ऊस आला की माझं मशीन रडतं. कांडी दगडासारखी. दाते तुटले ना या दिवाळीत, ते त्याच्यानंच!" आणि ते गल्ल्यावर निघूनही गेले.

दोघांची नजर एकदमच त्या एका ताऱ्याच्या कागदावर गेली.

"तो एक खरा होता," आम्रपाली पुटपुटली. "माझ्या दप्तरात तळाशी… खरा होता तो."

"हं."

"मी किती मूर्ख आहे."

"आहेस." पण स्वर आता तेवढा मिटलेला नव्हता. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मध्ये दोन पेले आणि दोन कागद. "मी तुला माफ केलं असं लगेच म्हणणार नाही, आम्रपाली. राग आहे मला."

"नकोच म्हणूस." तिनं दीर्घ श्वास घेतला. लाजेनं आधीच एवढी जळाली होती, की आणखी थोड्यानं काय होणार! "पण आणखी एक आहे सांगण्यासारखं. तू मला आवडतोस. त्या सतारीच्या दिवसापासून. बस. झालं सांगून."

शाहिदचे कान लाल झाले. दोन्ही! त्यानं पेला उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"हे आत्ता सांगायचं होतं?"

"आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय. त्यात हेही आलं."

"मग आधी सरांकडे जा," तो पेल्यात बघत म्हणाला. "आणि नंतर हे मला पुन्हा सांग. तेव्हा मी रागात नसेन… तेव्हा मला नीट ऐकायचंय."

बस आली तेव्हा तो स्टॉपपर्यंत सोडायला आला. चार पावलं अंतर ठेवून. रुमाल मात्र त्यानं परत मागितला नाही.

* * *

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. मालनबाई बाकरवडी खात बसल्या होत्या आणि पप्पा त्यांना भिंतीवरचा फोटो दाखवत होते, पाचव्यांदा तरी. आई स्वयंपाकघराच्या दारात, हाताला कणीक.

"आली बघा आमची शास्त्रज्ञ!" पप्पा म्हणाले. "आम्रू, बंगळूरचं तिकीट काढलं मी आज. आपण तिघंही जायचं. मी रजा टाकली."

आम्रपालीला वाटलं, जमीन दुभंगावी. ती दुभंगली नाही. तिनं दप्तर खाली ठेवलं, दोन कागद काढले आणि टीव्ही बंद केला.

"काय गं? उम्मेहानीशी भांडलीस?" आई म्हणाली.

"उम्मेहानीकडे गेलेच नव्हते मी. आई, तूही बस. मालनमावशी, तुम्ही थांबलात तरी चालेल, उद्या तुम्हाला कळणारच आहे." आवाज हलत होता. हलू दे, तिनं ठरवलं. "पप्पा, ते बक्षीस खरं नाही. बरोबर उत्तर मला मिळालं होतं. ते एवढंसंच होतं, म्हणून मी लपवलं आणि चुकीचं मोठं उत्तर मांडलं. माहीत असून. आणि त्याचा दोष शाहिदनं स्वतःवर घेतला, तेव्हाही मी गप्प बसले."

पप्पांनी फोटोवरचा हात खाली घेतला. मालनबाईंनी बाकरवडी हळूच ताटलीत परत ठेवली.

"शाहिद कोण?" पप्पांनी विचारलं. अगदी हळू.

तिचे गाल पेटले. पण मान खाली गेली नाही.

"सांगते. सगळं सांगते, आजच. पण आधी हे ऐका… मी बंगळूरला जाणार नाही. उद्या सकाळी पहिल्या बसनं मांजरीला जाऊन सरांना हे दोन्ही कागद दाखवणार आहे, आणि शाहिदची जागा त्याला परत द्या म्हणणार आहे. तुम्ही आलात तर मला बरं वाटेल, पप्पा. नाही आलात तरी मी जाणार."